उद्याच्या वाऱ्याचा आकडा

पवनी, २ जून

चि. चंद्रकुमार,

आशीर्वाद. टपालाने पत्र आले म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे जिवंत आहेत. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, असा सहा वर्षांचा अनुभव आहे. कागद टेबलावर पडून राहतो, विसरू देत नाही. उत्तरही कागदावरच पाठव. बत्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यावर मला माणूस अक्षरावरून कळतो, आवाजावरून नाही.

परवा दोन बस बदलून एकोडीला सत्यभामेकडे जाऊन आले. तुझ्या आईच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले आहे, उजवा दिवाळीनंतर. गुडघे मात्र गेले. उठताना खांब धरते आणि कोणी पाहत असेल तर खांबाला टेकून उभी असल्याचे सोंग करते. तू विचारलेस तर "बरं हाये" म्हणेल. ते ऐकून समाधान मानू नकोस.

मी होते तेव्हा कवडू येऊन बसला. तुमच्या बांधाला लागून ज्याचे शेत आहे तो. चारही एकर बटईने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, मागतो आहे. माणूस लबाड नाही, घाईचा आहे. सत्यभामेने त्याला चहा दिला आणि सांगितले, "यंदाची धानाची रोवणी होऊ दे. चंदू आला अन् चारही एकर रोवून झाले, तं जमीन माह्याच हाती राहीन. नाई झाले, तं पुढच्या सालापासून तुले देऊन टाकीन."

हे तिने माझ्यासमोर बोललेले आहे आणि ती शब्द फिरवत नाही. जमीन गेली की तिला एकोडीत काम राहणार नाही. मग तू तिला धुळ्याकडे नेशील आणि ती तुमच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून राहील. तिला ते नको आहे. म्हणून यंदा तू रोवणीला यायला हवेस.

तुझे वडील, केवळराम भाऊजी, गेले त्या वर्षापासून तू रोवणीला एकदाही आलेला नाहीस. उत्तर दर वेळी तेच, की जुलैत वारा असतो. मी भौतिकशास्त्र शिकवले आहे, वारा मला समजतो. वाऱ्यामुळे मुलाला आठ दिवस आईकडे येता येत नाही, हे समजत नाही.

दुसरे असे की, देश आता उन्हावर आणि वाऱ्यावर चालणार, असे पेपरात रोज वाचते. एकोडीत शेतीच्या लाइनला आठ तास वीज कबूल करतात आणि पाच तास देतात. तुमच्या पवनचक्क्यांनी देशाची वीज भागेल का? होय किंवा नाही, कारणासह लिही. भाषण नको.

डिंपलला आशीर्वाद. गुंजनचे पाढे कुठवर आले?

रत्नमाला मावशी

---

साक्री, ९ जून

ती. मावशी,

नमस्कार. अक्षराला हसू नकोस. सहा वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलेले नाही. गुंजनचे पाढे तेरापर्यंत आले आहेत, तेराचा अडतो.

आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर. एकट्या वाऱ्यावर देश चालणार नाही. कारण वर्षभराच्या वाऱ्याच्या विजेपैकी निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. जानेवारीत तुम्ही उन्हाळी धानाला मोटार लावता तेव्हा आमच्या बासष्टपैकी चाळीस चक्क्या ढिम्म उभ्या असतात. पण वाऱ्याशिवाय भागेल का, तर तेही आता अवघड आहे. पावसाळ्यात आम्ही जेवढे देतो तेवढा कोळसा जमिनीत राहतो. म्हणजे पूर्ण होय नाही, पूर्ण नाही पण नाही. अशा उत्तराला तू अर्धे गुण द्यायचीस.

आता सुट्टीचे. माझे काम चक्कीवर चढण्याचे नाही, कंट्रोल रूममधले आहे. उद्या दर पंधरा मिनिटांना किती वीज होईल ते आज सांगायचे असते. दिवसाचे शहाण्णव आकडे. संगणक अंदाज देतो, त्यात जागेवरच्या माणसाने दुरुस्ती करायची, कारण कोणती चक्की आजारी आहे आणि या पठारावर वारा कुठे वळतो ते संगणकाला कळत नाही. तो माणूस मी. आमच्यासारख्या सगळ्यांचे आकडे मुंबईकडे जातात आणि त्यावरून उद्या कोळशाचे संच किती चालवायचे ते ठरते. मी जास्त सांगितले तर कुठेतरी लाइन जाते. कमी सांगितले तर कोळसा आधीच पेटलेला असतो आणि आम्हाला थांबा म्हणून निरोप येतो. मग पाती वाऱ्याला कडेने धरून चक्की उभी करावी लागते. भर वाऱ्यात उभी चक्की बघवत नाही.

त्यामुळे या चार महिन्यांत सुट्टी म्हटली की साहेबांचे तोंड उतरते. तरी मागतो. पण अर्जात तारीख लागते, या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. साहेब केरळचे आहेत. मी म्हणालो, पाऊस पडून बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, भरल्या की रोवणी. त्यांनी टेबलावरचे कॅलेंडर माझ्याकडे फिरवले.

तारीख सांग.

चंद्रकुमार

---

पवनी, १७ जून

चि. चंद्रकुमार,

अर्धे गुण दिले.

सत्यभामेने तेरा तारखेला पऱ्हे टाकले. दोन सरी पडल्या होत्या, उगवण चांगली आहे. पंचवीस-तीस दिवसांत रोपे उपटून लावायला येतील. तेव्हा बारा ते एकोणीस जुलै असा अर्ज कर. चंद्रभागाबाईच्या रोवणीच्या टोळीला तेरा तारीख सांगितली आहे. तिच्या बायांचा हात चांगला आहे आणि गावभर मागणी आहे, तेव्हा ती तारीख मोडू नये.

तुझे पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचले. सत्यभामेला शहाण्णव आकडे फार वाटले. म्हणाली, "बाप्पा, माह्या पोराले एवढं ध्यानात राह्यते?" कवडू होताच. तो ऐकत ऐकत विडी विझवून म्हणाला, "बाई, पाणी जास्त झालं तं तलावात ठेवता येते, मंग उन्हाळ्यात सोडता येते. वारा कोठी ठेवता?" प्रश्न तुझ्याकडे पाठवते आहे.

कवडूला सांगितले की बारा तारखेला मालक स्वतः बांधीवर उभा राहील. तो म्हणाला, "येऊ द्या, मले काय." पण त्याला आनंद झाला नाही.

मावशी

---

साक्री, ४ जुलै

ती. मावशी,

अर्ज मंजूर झाला, पण एका अटीवर. साहेब म्हणाले, नऊ तारखेला पुढच्या आठवड्याचा अंदाज येईल. वारा हलका असला तर एकोणीस चक्क्या सर्व्हिसिंगला उघडायच्या आणि मी जायचे. वारा जोराचा असला तर कोणीच जायचे नाही. हलकाच येईल असे दिसते. चंद्रभागाबाईला पक्के सांगून ठेव, मी येतोच.

कवडूकाकांना सांग, वारा ठेवायला तलाव बांधणे चालू आहे. रिकामी वीज असली की पाणी डोंगरावर चढवून ठेवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे, अशी काही ठिकाणे आहेत, काही होत आहेत. मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत. पण सगळे मिळून देशाच्या मानाने अजून छोट्या बोडीएवढे आहे, तलावाएवढे नाही. तोवर उद्याचा आकडा हाच आमचा तलाव. आकडा बरोबर असला तर कोळसेवाले तेवढे कमी जाळतात आणि वारा वाया जात नाही.

मायला सांग, बारा तारखेला सकाळी साकोलीला उतरेन. डिंपल आणि गुंजन येत नाहीत, शाळा आहे.

चंद्रकुमार

---

एकोडी, २७ जुलै

चि. चंद्रकुमार,

तू एकोणीसला गेलास आणि बावीसला पाऊस आला. तीन दिवस खंड नाही. बांध्या भरून वाहिल्या. कोणाला दोष देण्यासारखे यात काही नाही, फक्त कळवते.

चंद्रभागाबाईची टोळी एकोणीसपर्यंत थांबली हे तू पाहिलेस. वीस तारखेला ती नहराच्या बाजूला गेली, तिकडे पाणी होते. पोट आहे, बाई किती थांबेल. चोवीसला परत आली ती तीनच दिवसांसाठी. तोवर पऱ्हे चाळीस दिवसांचे होऊन गेले होते, कांड्यावर आलेले, जून. तीन दिवसांत दोन एकर झाले. वरचे दोन एकर तसेच आहेत. आता तिथे लावण्यात अर्थ नाही, असे सगळेच म्हणतात.

मीही उतरले. पंचेचाळीस वर्षांनी चिखलात पाय घातला. माझी एक ओळ सरळ आली नाही. चंद्रभागाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मास्तरीनबाई, पोरायच्या वहीतल्या रेघा वाकड्या दिसल्या तं हातावर छडी मारत होत्या ना तुमी?" बाया कमरेत वाकून हसल्या. मी पण हसले. नंतर दोन दिवस उठता आले नाही. वय झाले, हे मान्य करते.

सत्यभामा रोज सकाळी वरच्या बांध्यांकडे जाऊन येते. कवडू आला तर त्याच्याशी पावसावर बोलते, जमिनीवर बोलत नाही. तोही विचारत नाही. निम्मे झाले, निम्मे राहिले, त्यामुळे तिच्या शब्दाचे काय करायचे ते तिलाही कळले नसावे.

आता मी तुला एक विचारते. तू आठ दिवस इथे होतास. त्या आठ दिवसांत पाऊस नव्हता, पण वारा भरपूर होता. दांडीवरची लुगडी चिमट्यासकट कवडूच्या कुंपणावर जात होती. साक्री वेगळी आणि एकोडी वेगळी, हे मला कळते. पण तू दर तासाला फोनमध्ये आकडे पाहत होतास आणि ताटावरून उठून बाहेर जात होतास. नजरेला नजर देत नव्हतास. मी चाळीस मुलांच्या वर्गात कॉपी करणारा पाठीमागून ओळखत असे.

काय केलेस ते लिही.

मावशी

---

साक्री, ६ ऑगस्ट

ती. मावशी,

तुझे पत्र खिशात घालून पाच दिवस फिरलो. डिंपलला अजून सांगितलेले नाही.

नऊ जुलैला अंदाज आला तो जोराच्या वाऱ्याचा होता. चौदा ते सतरा, चारही दिवस भरपूर. मी तो कमी केला. साहेबांनी विचारले तेव्हा सांगितले की असा अंदाज या पठारावर दोनदा फसला आहे, वारा दक्षिणेकडून निघून जातो. ते खोटे होते. सहा वर्षांत माझा शब्द फारसा चुकला नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले नाही. एकोणीस चक्क्या उघडल्या, पाती बांधली. मी बाराला एकोडीत होतो.

वारा आला. अंदाज होता तसाच. उघडलेल्या चक्क्या पुन्हा जोडून चालू करायला तीन दिवस लागले, तोवर तेवढी वीज झालीच नाही. इथे सगळ्यांनी संगणकाला शिव्या दिल्या. माझ्या जागी बसलेल्या माणसाने फोन करून मलाच विचारले, तू कसे ओळखले नाहीस? मी बांधीवर उभा होतो. म्हणालो, होते असे कधी कधी.

आता जे तुला माहीत आहे तेच लिहितो. त्या आठवड्यात पाऊस नसल्याने सगळीकडे मोटारी चालू होत्या, विजेची मागणी होती. एकोडीत आठ तासांची लाइन दोन तासांवर आली. आपल्या विहिरीत पाणी होते. मोटार सहा तास रोज चालली असती तर खालच्या बांध्या चिखलून चंद्रभागाबाईच्या हातात देता आल्या असत्या. तेराला नाही, पण सोळाला नक्की. बाया बांधावर बसून होत्या. माय बटण दाबून बघत होती. कवडूकाका म्हणाले, "का गा चंदू, तुह्या पंख्यायची वीज कोठी गेली?" सगळे हसले. मायसुद्धा.

मावशी, माझ्या एकोणीस चक्क्यांमुळे एकोडीची लाइन गेली, असे कोणीच म्हणू शकणार नाही. एवढ्या मोठ्या जाळ्यात आमची वीज म्हणजे ओंजळभर. लाइन जायला दहा कारणे असतात. पण मी हिशेब करून पाहिला आणि कोणीही हे निश्चित नाकारू शकणार नाही, असेही दिसले. मी रोवणीसाठी आकडा खोटा लिहिला आणि रोवणी विजेसाठी थांबली. आठ दिवस माझ्या डोक्यात एवढेच होते.

इथे कोणाला काही कळलेले नाही. मॉडेल चुकले, असे नोंदून फाइल बंद झाली.

चंद्रकुमार

---

पवनी, १४ ऑगस्ट

चि. चंद्रकुमार,

आधी माझे.

जून महिन्यात मी तुला बारा ते एकोणीस ही तारीख दिली. त्या वेळी चंद्रभागाबाई म्हणत होती की यंदा पाणी वीसच्या आधी नाही. कवडूही तेच म्हणत होता. मी पेपरातही उशिराच्या पावसाचे वाचले होते. माझ्याकडे तारीख नव्हती. तुझ्या अर्जाला हवी होती म्हणून मी दिली, कारण तू यायला हवा होतास. "कदाचित" असे लिहिले असते तर तू आला नसतास. मुलांना मोजमापात चूक किती असू शकते ते लिहायला शिकवले आणि स्वतः लिहिले नाही. हे मी सत्यभामेला कालच सांगितले. ती म्हणाली, "मले माहीत होतं वो." मग तू काहून बोलली नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "मलेही तो पाह्यजेच होता ना."

आता तुझे.

जाऊन साहेबांना सांग. कोणाला कळलेले नाही, हे तू दिलाशासारखे लिहिले आहेस. मला तेच सगळ्यात वाईट वाटले. उद्या कोणी त्या फाइलीवर बोट ठेवून म्हणेल की पाहा, वाऱ्याचा भरवसा नाही, देशाने त्यावर विसंबू नये. वारा तर सांगितल्याप्रमाणे आला होता. भरवशाचा तू नव्हतास.

मी तुला विचारले होते की वाऱ्यावर देशाची वीज भागेल का. तू महिने सांगितलेस, डोंगरावरचे पाणी सांगितलेस. ते खरे असेल. पण रोज सकाळी कोणीतरी बसून उद्याचे जसे दिसते तसे लिहायचे, घरी काहीही असो, यावर जर ते सगळे उभे असेल तर उत्तर माझ्याजवळही नाही. माणसे आपली अशीच आहेत. मी धरून.

नोकरी सोड असे म्हणत नाही. रडून सांगू नकोस आणि आईचे नाव पुढे करू नकोस. काय केले तेवढे सांग.

मावशी

---

साक्री, २९ सप्टेंबर

ती. मावशी,

सांगितले. तुझे पत्र आल्यावर बारा दिवस लागले, हेही लिहून ठेवतो.

साहेबांनी दरवाजा लावून घेतला आणि कॅलेंडर जुलैवर उलटवले. मग विचारले, "आणि तुझी ती रोवणी झाली का?" मी म्हणालो, निम्मी. त्यांनी मान हलवली आणि वर कळवावे लागेल म्हणाले. ओरडले असते तर बरे झाले असते.

डिंपल तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "कोनी इचारलं होतं का तुमाले? मावशीनं सांगतलं अन् तुमी गेले, दहावीतले पोट्टे हा का तुमी?" तिचे चूक नाही. कंट्रोल रूममधून मला काढले आहे. पंधरा तारखेपासून सर्व्हिसिंगच्या टोळीत आहे. ऐंशी मीटर शिडी चढायची, वर यंत्राच्या खोक्यात बसून तेल बदलायचे, बोल्ट आवळायचे. टोळीतली मुले माझ्या निम्म्या वयाची आहेत. मला काका म्हणतात आणि पिशवी स्वतः घेतात.

माझ्या जागी खुशबू नावाची नवी मुलगी आली आहे. आठवडाभर तिला शिकवले, वारा कुठे वळतो, कोणत्या चक्कीचे काय दुखते. तिने विचारले, "संगणकाचा आकडा किती कमी-जास्त करायचा?" मी म्हणालो, दिसते तेवढाच. तिला वाटले मी सांगायचे टाळतो आहे.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हिसिंगचे काम वारा नसतो तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. जुलैत या टोळीला काम कमी. पुढच्या जुलैत मला कोणी अडवणार नाही. तारीख द्यावी लागणार नाही, महिनाभर पावसाची वाट पाहत बसता येईल. मायला सांग. कवडूकाकांना म्हणावे, एक वर्ष थांबा.

चंद्रकुमार

---

एकोडी, १६ नोव्हेंबर

चि. चंद्रकुमार,

दिवाळीला तू आला नाहीस, काम सुरू झाले असेल असे समजले. धान कापून झाले. दोन एकरांचे जेवढे व्हायचे तेवढे झाले, जून पऱ्हे लावल्याचे दिसलेच. वरच्या दोन एकरांत गवत माजले होते, ते कवडूने कापून नेले. सत्यभामेच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन सोमवारी झाले. पट्टी निघाली आहे.

तुझे पत्र मी तिला पूर्ण वाचून दाखवले. तू काय केलेस तेही आता तिला ठाऊक आहे. मी लपवणार नव्हते. तिने शिडीचा भाग पुन्हा वाचायला लावला. ऐंशी मीटर म्हणजे किती, असे विचारले. ताडाची चार झाडे एकावर एक, असे मी सांगितले. त्यानंतर बराच वेळ सुपातले खडे निवडत होती. सुपात खडे नव्हते.

तू महिनाभर येऊ शकतोस, हे ऐकून ती जमीन द्यायचे थांबवेल अशी माझी समजूत होती. मी तसे म्हणूनही पाहिले. तिने मला कागद घ्यायला सांगितला. पुढचे तिचे आहे, मी एक शब्द बदललेला नाही.

"चंदू, कवडूले दोन एकर देऊन टाकले. जे रोवून झाले नवते, तेच. जे झाले ते माह्याकडं राह्यतीन. बोलली तसंच केलं, कमी नाई, जास्त नाई. त्या दोन एकरात मी पुढच्या साली आवत्या टाकीन. मातीत धान फेकाचं, जिथं उगवलं तिथंच वाढन. पऱ्हे उपटाचे नाई, रोवणीच्या बाया नाई, चिखल कराले लाइनची वाट नाई. पीक कमी होते, मले मालूम हाये. निंदन, गवत उपटनं, जास्त लागते. तं लागू दे, बसल्या बसल्या सरकत निंदता येते, गुडघ्याचं काम नाई. मी धुळ्याले येत नाई. तू वर चढशीन तं खाली पाहू नको. पोरीले तेराचा पाढा पाठ करव."

एवढे सांगून ती म्हणाली, लिहिलं तं वाचून दाखव. मी वाचले. "बरोबर हाये," म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

मी तिच्याशी वाद घातला, तुला खोटे सांगत नाही. आवत्यात पीक निम्म्यावर येते, आता मुलगा मोकळा झाला आहे, आता कशाला, असे म्हणाले. ती म्हणाली, "तो मोकळा झाला नाई, त्याले खाली उतरवलं. अन् माह्या रोवणीपायी उतरवलं. पुन्हा माह्यापायी काही नको." शिकवून शिकवून माझा आवाज बसला आहे, तिचा अजून खणखणीत आहे.

कवडू खूश नाही. त्याला चारही हवे होते. पण सकाळी येऊन वरच्या बांध्यांचे बांध नीट करून गेला. जाताना मला म्हणाला, "बाई, आवत्या टाकाले माणूस लागते ना एखादा? मी हाये."

मी डिसेंबरभर इथेच आहे. पवनीला घर बंद करून आले. तिथेही मी एकटीच असते.

जुलैत रोवणी नसेल. तू आलास तर ओसरीवर बसशील, आम्हा दोघींसोबत निंदशील, जेवशील. त्यासाठी तारीख कळवू नकोस. आलास की कळेल.

मावशी